‘ताई ची’तला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती नव्हे

संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराबद्दल ‘ताई ची म्हणजे महान प्राणशक्ती’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. गैरसमज सहज होण्यासारखा आहे. चिनी शब्दांच्या जुन्या रोमन लेखनात ‘जी’ आणि ‘छी’ हे दोन वेगळे शब्द जवळजवळ सारखेच दिसत.

मूळ नाव ‘ताइ-जी-छुआन’. ‘ताइ’ म्हणजे परम, ‘जी’ म्हणजे टोक, परिसीमा आणि ‘छुआन’ म्हणजे मूठ, मुष्टियुद्ध. ‘जी’च्या चिन्हात डावीकडे ‘झाड’ आहे, कारण त्याचा जुना अर्थ घराचं आढं, छपरातलं सर्वांत उंच लाकूड. किती सुंदर प्रतिमा! प्राणशक्तीचा शब्द ‘छी’. त्याच्या पारंपरिक चिन्हात ‘तांदूळ’ दिसतो.

पडताळायचं तर चिनी शब्दकोश उघडा: 1958 च्या पिनयिन लेखनात, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, ‘जी’ हा ‘जे’ने, ‘छी’ हा ‘क्यू’ने सुरू होतो. सरावात ‘छी’ची चर्चा होतेच, पण नावात ती नाही.