वनस्पतिजन्य मधुरके आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांचे वर्तन

साखरेऐवजी गोडीसाठी वनस्पतींपासून काढलेल्या द्रव्यांना वनस्पतिजन्य मधुरके म्हणतात. स्टीव्हियाच्या पानांतील स्टीव्हिओसाइड व रेबॉडिओसाइड-ए, मंक फ्रूटमधील मोग्रोसाइड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळातील थॉमॅटिन हे प्रथिन ही त्यांतली ठळक नावे. प्राण्यांवर प्रयोग करताना पहिली अडचण जिभेचीच असते. थॉमॅटिन माणसाला साखरेच्या सुमारे २,००० पट गोड लागते. उंदराला त्याची गोडी कळतच नाही. मांजराचे तर गोडी ओळखणाऱ्या ग्राहीचे (चवीच्या पेशीवरील प्रथिनाचे) एक जनुकच निकामी असल्याचे २००५ मध्ये उघड झाले. तेव्हा ‘प्राण्याने मधुरक नाकारले’ या निष्कर्षाला, तो प्राणी कोणता हे कळेपर्यंत, फारसा अर्थ नाही.

नेहमीची चाचणी अगदी साधी. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात, एकीत पाणी आणि दुसरीत द्रावण. दुसऱ्या दिवशी दोन्ही तोलतात आणि त्यांच्या जागा बदलतात. उंदराला एका बाजूची सवय असते. अदलाबदल राहून गेली, तर मोजली जाते ती कोपऱ्याची आवड. स्टीव्हियाचे द्रावण उंदीर पाण्यापेक्षा पसंत करतात. पण ही पसंती निव्वळ गोडीची म्हणता येत नाही. स्टीव्हियातील ग्लायकोसाइडे टीआरपीएम-५ या आयनमार्गाला, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीत ये-जा करू देणाऱ्या प्रथिनाला, चेतवतात, हे २०१७ मध्ये दिसले. हा मार्ग चवीच्या पेशींप्रमाणेच इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींतही असतो. उलट, २००८ च्या एका प्रयोगात हाच मार्ग नसलेले, म्हणजे गोडी न कळणारे उंदीरही साखरेचे पाणी मिळणारी बाजू ओळखायला शिकले. उष्मांक नसलेल्या सुक्रॅलोज या कृत्रिम मधुरकासाठी मात्र ते शिकले नाहीत.

तयार पुडीतले भरताड हा आणखी एक चकवा. २०१४ मध्ये स्टीव्हियायुक्त एका उत्पादनावर वाढवलेल्या फळमाश्या सरासरी ५.८ दिवस जगल्या. इतर अन्नावरच्या ३८.६ ते ५०.६ दिवस. नळी आपटली की निरोगी माशी झरझर वर चढते. या माश्यांची ती चाल बिघडली होती. दोष स्टीव्हियाचा नव्हता. पुडीतला मुख्य घटक एरिथ्रिटॉल, म्हणजे किण्वनाने बनवलेले शर्करा-अल्कोहोल, माश्यांना मारक ठरले. त्यातही गंमत अशी की साखर शेजारीच उपलब्ध असूनही माश्या एरिथ्रिटॉलच अधिक पीत होत्या.