सेन्सिटिव्हिटी वेगळी, सेल्फ-नॉइज वेगळा, माईक मागवण्याआधी एवढं वाचा

"सेन्सिटिव्ह माईक घेऊ नको, पंखा ऐकू येईल" हा सल्ला ऐकून ऐकून कंटाळा आलाय. स्वस्तातला माईक ऑनलाइन मागवणाऱ्याला तो आधी वाजवून बघता येत नाही, हाताशी असतात फक्त स्पेसिफिकेशनचे आकडे, आणि त्यातल्या नेमक्या सेन्सिटिव्हिटी आणि सेल्फ-नॉइज या दोघांची लोक सरमिसळ करतात.

माईक मुख्यतः दोन प्रकारचे: कंडेन्सर, ज्याला चालायला बाहेरून वीज लागते (बहुधा ४८ व्होल्टची, तिला फँटम पॉवर म्हणतात), आणि डायनॅमिक, ज्याला ती लागत नाही.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच आवाजाला माईक किती मोठा सिग्नल देतो, बस. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या कंडेन्सरची उणे ३७ डेसिबल, श्युअर एसएम५८ या डायनॅमिकची उणे ५४.५, म्हणजे एसएम५८ ला १७-१८ डेसिबल गेन (सिग्नल मोठा करणं) जास्त द्यावा लागणार. दोन्ही कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी पकडणारे. तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवा, गेन वाढवून लेव्हल सारखी करा, तुमचा आवाज आणि पंखा यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेच येईल! डायनॅमिक शांत वाटतो कारण त्यात आपण ओठ टेकवून बोलतो आणि कंडेन्सर हातभर लांब ठेवतो. ३० सेंटिमीटरवरून १५ वर आलात की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंखा होता तेवढाच राहतो. पंख्याचा प्रश्न अंतराने सुटतो, माईक बदलून नाही.

सेल्फ-नॉइज म्हणजे खोली एकदम शांत असतानाही माईकच्या स्वतःच्या सर्किटमधून येणारी सळसळ. एटी२०२० चा २० डेसिबल, रोड एनटी१-ए चा ५, इथे कमी तेवढं चांगलं. जवळून व्हॉइसओव्हर करणार असाल तर २० ने काही बिघडत नाही. पण तानपुरा दोन फुटांवरून रेकॉर्ड करायचाय, तर तार विरत जाते तशी मागची सळसळ उघडी पडते, मग ती काढायला डीनॉइज (सळसळ पुसणारं सॉफ्टवेअर) लावायचा आणि त्यात तारेची ती गुंजणारी जवारीच मरते. अशा कामाला मी थोडे पैसे साठवून कमी सेल्फ-नॉइजवालाच घेईन.

काही कंपन्या त्याऐवजी सिग्नल-टू-नॉइज रेशो छापतात, तो ९४ मधून वजा करा, ७४ असेल तर सेल्फ-नॉइज २०. आणि कंडेन्सर असून सेल्फ-नॉइज आणि हा रेशो दोन्ही गायब, नुसतं "२० ते २०,००० हर्ट्झ, स्टुडिओ क्वालिटी" लिहिलंय, तर सरळ पुढचा बघा. डायनॅमिकवर मात्र सेल्फ-नॉइजचा आकडा बहुतेक नसतोच, तिथे सळसळ येते ती प्रीअँपची, म्हणजे गेन देणाऱ्या सर्किटची, म्हणून पैसे इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, प्रीअँप त्यातच असतो) घाला.