वस्ती विखुरली, समाजाचे काय?

स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरचा नगररचना अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. शहरावर इलाज करण्यापूर्वी गल्लीबोळांतून हिंडून त्याचे निदान करावे, हा त्यांचा आग्रह होता. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध असे, कारण घरांबरोबर शेजारही मोडतो. भारतातील नागर समाजशास्त्राच्या आरंभाशी आपल्या शहराचे असे नाते आहे, हे इथल्या संशोधक विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

पीएच.डी.साठी इंदूरच्या मराठी समाजाचा विषय घेणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच. राजवाड्याच्या आसपासची कुटुंबे सुदामानगर, राजेंद्रनगर अशा वसाहतींत गेली; मग समाज विरला, की त्याचे रूप पालटले? शिकागोचे समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी १९३८ मध्ये मांडले होते की लोकसंख्या, दाटी आणि विविधता वाढली की जिव्हाळ्याचे संबंध क्षीण होऊन व्यवहाराचे संबंध वाढतात. समाजशास्त्रज्ञ बॅरी वेलमन यांनी कॅनडातील टोरांटोच्या ईस्ट यॉर्क भागातील ८४५ प्रौढांच्या पाहणीतून १९७९ मध्ये वेगळे चित्र पुढे आणले. घराबाहेरच्या अगदी जवळच्या माणसांची नावे विचारली असता, त्यांपैकी साधारण १३ टक्केच त्याच वस्तीत राहणारी निघाली. जिव्हाळा शाबूत होता, पण तो वस्तीच्या सीमेत मावत नव्हता.

इंदुरात हे तपासायचे तर ‘तुमचे जवळचे कोण?’ एवढे विचारून भागत नाही, कारण उत्तरात नातलगांची यादी येते. त्याऐवजी, रात्री दोन वाजता घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे झाले तर पहिला फोन कोणाला कराल, ते कोठे राहतात आणि त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलता, असे विचारावे. गणपतीत ज्यांच्याकडे आवर्जून जाणे होते ती माणसे आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे एकच असतील असे नाही. दुसऱ्या यादीत शेजारचे माळवी कुटुंबही असू शकते. या दोन याद्यांमधले अंतर हाच, माझ्या मते, अशा प्रबंधाचा गाभा असायला हवा.

उत्सवमंडळाची जुनी पावतीपुस्तके मिळाली तर फारच उत्तम. वर्गणीदारांचे पत्ते दर दहा वर्षांच्या अंतराने नकाशावर मांडले की कोण कोठे गेले आणि दूर जाऊनही कोणी वर्गणी चालू ठेवली, हे दिसू लागते. मात्र मंडळाच्या यादीवरून माणसे निवडली आणि त्यांनी सुचवलेल्यांनाच पुढे भेटत गेले, तर समाज एकसंध असल्याचाच निष्कर्ष हाती येणार. मंडळाकडे कधी न फिरकलेली, आंतरभाषिक विवाह झालेली किंवा घरात हिंदीच बोलणारी कुटुंबे निसटतात. त्यांना शोधायला वेळ लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी किमान तीन वर्षे ठरवली आहेत; क्षेत्रकार्य मनापासून करणाऱ्याला ती पुरतीलच असे नाही.

लेखनाच्या वेळी आणखी एक जबाबदारी येते. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे नाव बदलले तरी हुद्दा, गल्ली आणि सासर-माहेरच्या उल्लेखावरून माणूस ओळखू येतो, म्हणून हे तपशीलही बदलावे लागतात आणि छापण्यापूर्वी त्या माणसाची पुन्हा परवानगी घ्यावी लागते.