तोंडात नळी असलेल्या माणसाचं ऐकायचं कसं

व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनळीत उतरते. तिच्या टोकाजवळ एक फुगा असतो. तो फुगवला की हवा फक्त नळीतून ये-जा करते, स्वरतंतूंवरून जात नाही, म्हणून माणसाला आवाज काढता येत नाही. असा रुग्ण कण्हत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं मुळीच नाही. बोलता न येणाऱ्याला काय होतंय हे ओळखणं, आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदरचं सगळ्यात अवघड काम हेच.

वेदना मोजता येते. सीपॉट नावाच्या मापनपद्धतीत चेहरा, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि रुग्णाचा श्वास व्हेंटिलेटरशी जुळतो की नाही, या चार गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. बेरीज 3 किंवा जास्त आली तर दुखतंय असं धरून औषध द्यायचं आणि त्याचा असर व्हायच्या वेळी पुन्हा मोजायचं. निपचित पडलेला असताना 0 गुण असलेला रुग्ण कुशीवर वळवताना 5 वर जाऊ शकतो, म्हणून हलवतानाही मोजावं लागतं. केवळ नाडी आणि रक्तदाबावरून वेदना ठरवू नये. ताप, रक्तस्राव आणि औषधांनीही ते आकडे बदलतात. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर सीपॉट चालत नाही. तेव्हा दुखत असणार असं मानूनच वेदनाशामक चालू ठेवतात. आधी वेदनेचं औषध, मग गरज उरली तर गुंगीचं, हा क्रम पाळलाच पाहिजे. गुंगीत माणूस शांत दिसतो, दुखणं मात्र तसंच राहतं.

रुग्ण जागा असेल तर आधी त्यालाच विचारायचं, आणि त्याच्या बोलीत. नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडचेही रुग्ण येतात. ‘वेदना आहेत का?’ यापेक्षा ‘बाबूजी, दुखून राहिलं काय? हो असंल तर डोळे मिटा,’ हे लवकर पोचतं. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजण्याइतका वेळ. आजारी मेंदू सावकाश चालतो. रुग्णाची भाषा गोंडी असेल तर त्याच्या मुलाकडून दुखणं, तहान, दम, लघवी आणि भीती हे पाच शब्द देवनागरीत लिहून घ्यावेत आणि उशाशी चिकटवावेत.

सक्शन करण्याआधी सांगायचं: ‘आता नळीतला कफ काढते, जोराचा ठसका येईल, थोडा वेळ दम कोंडेल, मग बरं वाटेल.’ त्याआधी अर्धा ते एक मिनिट जास्त ऑक्सिजन द्यायचा. कॅथेटर (कफ ओढणारी बारीक नळी) आत असण्याचा वेळ 15 सेकंदांपुढे जाऊ द्यायचा नाही. घड्याळ लावून दर दोन तासांनी सक्शन करणं चूक आहे. कफाचा आवाज आला, ऑक्सिजन उतरला किंवा व्हेंटिलेटरचा आलेख करवतीसारखा दातेरी दिसला, तरच करायचं.

तहानेकडे तर फार दुर्लक्ष होतं. नळी, कोरडा ऑक्सिजन आणि काही औषधं मिळून तोंड सुकवतात. सलाईन चालू असलं तरी तहान भागत नाही. थंड पाण्याचा बारीक फवारा, गार पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वॅबने जीभ-हिरड्या पुसणं आणि ओठांना पाण्याचा अंश असलेलं मलम, एवढ्याने तहान खरोखर कमी होते. ऑक्सिजन चालू असताना तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये, पेटण्याचा धोका असतो. नातेवाईक मायेपोटी चमच्याने पाणी पाजतात, ते मात्र घातक ठरतं. नळी काढल्यावरही गिळण्याची क्रिया काही काळ मंदावलेली असते आणि पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. नुसतं ‘पाणी देऊ नका’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या हातात ओला स्वॅब द्यावा आणि तो कसा फिरवायचा ते दाखवावं.

रुग्ण नळी ओढायला लागला की हात बांधायचा मोह होतो. बांधलेल्या रुग्णांनीही नळ्या ओढून काढल्या आहेत, आणि बांधल्याने भ्रम वाढतो. आधी बघावं: ऑक्सिजन कमी आहे का, लघवीची नळी तुंबली आहे का, दुखतंय का, श्वासाची नळी तोंडाच्या कोपऱ्यात रुतते आहे का.

या भ्रमाला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तो इतका आढळतो की त्याची रोज तपासणी व्हायला हवी. तपासणीचा एक भाग सोपा आहे. दहा अक्षरं तीन-तीन सेकंदांनी म्हणायची, ठरलेलं अक्षर आलं की रुग्णाने हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष लागत नाही. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गप्प, छताकडे बघत पडलेला ‘शांत पेशंट’ निसटतो, आणि डिलिरियमचा हाच प्रकार जास्त असतो. उपाय साधे आहेत: चष्मा आणि कानाचं मशीन परत लावणं (भरतीच्या वेळी ते पिशवीत बांधून घरी गेलेलं असतं), दर शिफ्टला वार, वेळ आणि ‘तुम्ही नागपुरात दवाखान्यात आहात’ हे सांगणं, दिवसा उजेड, लवकर बसवणं, आणि मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं टाळता येतील तेवढी टाळणं. पहाटे चारला स्पंजिंग (ओल्या कापडाने अंग पुसणं) उरकायची जुनी सवय मोडायला हवी. झोपेचे तेवढेच तर तास असतात.

बाहेर व्हरांड्यात चटई टाकून बसलेल्या घरच्यांचंही ऐकायला हवं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात, डॉक्टरांशी बोलणं होऊनही निम्म्याहून अधिक नातेवाइकांना आजार, उपचार किंवा पुढचा अंदाज नीट कळलेला नव्हता. म्हणून बोलणं रोज ठरल्या वेळी, शक्यतो घरातल्या त्याच माणसाशी, बसून व्हावं. सुरुवात ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलं आहे?’ या प्रश्नाने करावी. फ्रान्समधल्याच 22 आयसीयूंत आणखी एक प्रयोग झाला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मरणासन्न रुग्णांच्या नातेवाइकांना वाचायला पुस्तिका दिली आणि बैठकीत त्यांना बोलायला मुद्दाम जास्त वेळ दिला. नातेवाइकांचं बोलणं सुमारे 5 मिनिटांवरून 14 मिनिटांवर गेलं, आणि तीन महिन्यांनी त्यांच्यातली चिंता आणि नैराश्य कमी आढळलं. पूर्ण बैठक अर्ध्या तासाचीच होती.

शेवट जवळ असेल तर रोजच्या रक्ततपासण्या आणि नेमाने उलटसुलट कुशीवर वळवणं थांबवता येतं. दम लागण्यावर मॉर्फिन, खोलीतल्या अलार्मचा आवाज बंद, आणि स्वॅबवर गंगाजलाचा एखादा थेंब. यातलं काहीच नियमाविरुद्ध नाही. रुग्णाशी बोलत राहायला सांगावं. अखेरच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजाची दखल घेतो, हे 2020 मधल्या मेंदूलहरींच्या अभ्यासात दिसलं आहे.

बरे होऊन घरी जाणाऱ्यांसाठी आयसीयू डायरी कामाची. सिस्टर आणि घरचे रोज दोन-चार ओळी लिहितात: आज नळी काढली, आज खुर्चीत बसवलं, आज मुलगी आली होती. भ्रमात पाहिलेलं खरं वाटत राहतं, त्यावर ही नोंद उतारा ठरते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या सहा देशांमधल्या अभ्यासात डायरी मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांना आघातोत्तर ताण (भयंकर अनुभवानंतर मागे उरणारा मानसिक त्रास) झाला, न मिळालेल्यांपैकी 13 टक्क्यांना. शंभर पानी वही पुरते. डिस्चार्जच्या कार्डावर औषधांखाली हेही लिहावं: पायांत जोर नसणं, विसरभोळेपणा, दचकून उठणं हे महिनोन्‌महिने राहू शकतं, ओपीडीत सांगा, आणि रात्र-रात्र जागलेल्या घरच्यांना झोप येत नसेल तर त्यांनीही दाखवून घ्यावं.