पीथमपूरचा ट्रॅक आणि फॉर्म्युला वनचं कॅलेंडर

जून २०२१ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं. तेव्हापासून गाड्यांचं वेड असलेल्या इंदूरच्या मराठी घरांत एक प्रश्न अधूनमधून निघतोच. आशियातला सगळ्यात लांब वेगवान ट्रॅक आपल्या उशाशी आहे, विमानतळ जवळ आहे, शहर स्वच्छ आहे, मग फॉर्म्युला वन आपल्याकडे का येत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर शोधायला निघालं की शर्यतीच्या सर्किटमागचं बरंचसं विज्ञान हाताला लागतं.

आधी पीथमपूरला काय आहे ते पाहू. ११.३ किलोमीटर लांब आणि १६ मीटर रुंद असा हा चार लेनचा लंबगोल ट्रॅक. त्याची दोन्ही वळणं बाहेरून आत उतरती बांधली आहेत आणि तो उतारच या ट्रॅकचा प्राण आहे. सपाट रस्त्यावर वळताना गाडीला वर्तुळाच्या केंद्राकडे खेचायचं काम फक्त टायरच्या घर्षणाला करावं लागतं. रस्ता तिरका केला की रस्त्याच्या रेट्याचाच काही भाग केंद्राकडे वळतो आणि घर्षणाचं ओझं हलकं होतं. एका ठराविक वेगाला तर घर्षणाची गरजच संपते, स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपोआप वळते. नॅट्रॅक्सवर हा वेग ताशी २५० किलोमीटर ठरवलेला आहे. वळणाची त्रिज्या एक किलोमीटर धरली, तर अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र उताराचा कोन जवळजवळ २६ अंश देतं. माणसाला त्यावर उभं राहणंही अवघड जाईल. वळणांवर कमाल ३७५ चा वेग धरून हे सगळं आखलं आहे, आणि महागड्या गाड्यांचा कमाल वेग भारतातच मोजता यावा म्हणून ते बांधलं आहे. या कामासाठी इतकी चांगली जागा देशात दुसरी नाही.

आता एफआयएची, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक महासंघाची नियमावली उघडू. फॉर्म्युला वनसाठी सर्किटला ग्रेड १ परवाना लागतो. नव्या सर्किटची लांबी साडेतीन किलोमीटरपेक्षा कमी नको, सात किलोमीटरच्या पुढे जायला नको. सलग सरळ पट्टा दोन किलोमीटरच्या आत हवा. रुंदी निदान १२ मीटर, गाड्या सुटतात तिथे १५ मीटर. आणि वळणावरचा उतार, काही खास अपवाद सोडले तर, १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. १० टक्के म्हणजे सहा अंशसुद्धा नाहीत. ज्या दोन गोष्टींचा आपल्याला अभिमान वाटतो, ती लांबी आणि तो उतार, त्या दोन्ही या नियमांत बसत नाहीत.

हे नियम अपघातांतून आले आहेत. बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर ४३ अंशांचं विटांचं वळण होतं. १९५९ मध्ये त्याच्या वरच्या कडेवरून गाडी निसटली आणि फ्रेंच ड्रायव्हर झाँ बेरा जिवाला मुकला. तिरक्या वळणाचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. गाडी वेगात वळते तेव्हा ती रस्त्यावर जास्त दाबली जाते. पीथमपूरच्या वळणावर ३७५ चा वेग धरून हिशेब केला, तर टायरवरचा भार गाडीच्या वजनाच्या सुमारे १.४ पट होतो. फॉर्म्युला वनच्या गाडीत त्यावर पुढे-मागे बसवलेल्या पंखांनी निर्माण केलेला हवेचा दाब येतो, तो वेगळाच. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या वळणाला तर जेमतेम नऊ अंशांचा उतार आहे. तरीही २००५ मध्ये तिथे सरावात मिशेलिनचे टायर दगा देऊ लागले. ते टायर शर्यतभर टिकतील याची हमी द्यायला कंपनी तयार नव्हती. शेवटी शर्यत सुटायच्या आधीच २० पैकी १४ गाड्या पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागी, परतल्या आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना सहा गाड्यांची शर्यत पाहावी लागली.

लांबीचा नियम मला याहून महत्त्वाचा वाटतो. जर्मनीचं जुनं न्युरबुर्गरिंग २२ किलोमीटरहून लांब होतं. ऑगस्ट १९७६ मध्ये ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी तिथे पेटली, तेव्हा त्याला आगीतून ओढून काढलं ते मागून येणाऱ्या ड्रायव्हरांनी. इतक्या लांब रस्त्यावर प्रत्येक वळणाशी अग्निशामक, डॉक्टर आणि प्रशिक्षित मार्शल ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. फॉर्म्युला वन त्या रस्त्यावर परत कधी धावली नाही. आता वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नसेल आणि हॉस्पिटल रस्त्याने वेळेत गाठता येत नसेल, तर गाड्या सोडतच नाहीत. २०२० मध्ये नव्या, छोट्या न्युरबुर्गरिंगवर शुक्रवारचा अख्खा सराव धुक्यामुळे गेला, कारण हेलिकॉप्टरला पलीकडचं दिसत नव्हतं. सर्किट निवडताना जवळच्या ट्रॉमा हॉस्पिटलपर्यंत किती मिनिटं लागतात हेही म्हणूनच मोजतात.

वळणाबाहेरची मोकळी जागाही अशीच हिशेबाने ठरते. ताशी ३०० च्या वेगातली गाडी घसरली आणि तिचा वेग गुरुत्वीय त्वरणाएवढ्या दराने कमी होत गेला, तर ती थांबेपर्यंत साडेतीनशे मीटर जातात. वेग निम्मा असेल तर अंतर चौथ्या हिश्श्यावर येतं. एवढी जागा प्रत्येक वळणाबाहेर मिळत नाही. मग खडी, डांबर, टायरांच्या भिंती आणि दबणारे बॅरियर यांच्यात ती ऊर्जा वाटून द्यावी लागते. कुठल्या वळणाबाहेर काय ठेवायचं हे आता संगणकावर गाडी हजारदा घसरवून ठरवतात.

पण सुरक्षितता झाली म्हणजे शर्यत चांगली होईलच असं नाही. लंबगोल ट्रॅकवर ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून बसेल, ब्रेकला हात लावायचं कारणच नाही. आणि ब्रेक नाही तर फॉर्म्युला वनमध्ये ओव्हरटेकही नाही. कारण हवेत आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रकच्या मागे मोटरसायकल नेली की दोन गोष्टी जाणवतात: समोरचा वारा कमी होतो आणि हँडल थरथरायला लागतं. शर्यतीत मागच्या गाडीचं हेच होतं. सरळ पट्ट्यावर तिला हवेचा अडथळा कमी लागतो, हा फायदा. वळणावर मात्र पुढच्या गाडीने घुसळलेली हवा पंखांवर येते, गाडीला जमिनीवर दाबणारं बल घटतं आणि पकड सुटते. २०२२ च्या आधीच्या गाड्या पुढच्या गाडीपासून २० मीटरवर असताना हे बल सुमारे ३५ टक्क्यांनी गमावत. २०२२ मध्ये गाडीचा तळ आणि पंख नव्याने आखले, तेव्हा हा आकडा ४ टक्क्यांवर आणल्याचं फॉर्म्युला वनने जाहीर केलं होतं.

सर्किटची रेषा आखणाऱ्याला याच हवेचा उपयोग करून घेता येतो. पंखांचं बल वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं, वेग दुप्पट तर बल चौपट, त्यामुळे मंद वळणावर ते तसंही थोडंच असतं. तिथे मागच्या गाडीचं फारसं नुकसान होत नाही आणि ती पुढच्या गाडीला चिकटून बाहेर पडते. पुढे लांब सरळ पट्टा दिला की कमी अडथळ्याचा फायदा तिच्या पदरात पडतो. पट्ट्याच्या टोकाला पुन्हा घट्ट वळण ठेवलं, तर उशिरा ब्रेक मारण्याची स्पर्धा लागते आणि तिथे ओव्हरटेक होतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हरमान टिल्केने नेमकं हेच केलं: तिसरं वळण मंद, मग एक किलोमीटरहून लांब पट्टा, मग चौथं वळण. वळणात शिरायची जागा मुद्दाम रुंद ठेवली, म्हणजे दोन ड्रायव्हरांना दोन वेगळ्या वाटा निवडता याव्यात.

मला ते सर्किट मनापासून आवडतं. तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या आणि विषय संपला. त्यात भौतिकशास्त्राचा काही दोष नव्हता. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानून कर लावला, शर्यतीचे हक्क असलेल्या परदेशी कंपनीच्या कमाईवरच्या कराचा वाद वाढला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो कर भारतात भरावाच लागेल असा निकाल दिला, तोवर शर्यत कधीच निघून गेली होती. २०२३ मध्ये मोटरसायकलींची मोटोजीपी एकदा आली. हैदराबादला त्याच वर्षी हुसेनसागरच्या काठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. परवाना एफआयए देते, पण तारीख देतात व्यावसायिक हक्कांचे मालक, आणि ते यजमानाकडून मोठी फी घेतात. चांगलं सर्किट असणं पुरत नाही, हे आपल्या देशाने फार महाग शिकून घेतलं.

तारखेचंही एक शास्त्र आहे. फॉर्म्युला वनने स्वतःचं कार्बन उत्सर्जन मोजून २०१९ मध्ये जाहीर केलं. वर्षाला सुमारे २ लाख ५६ हजार टन. त्यात शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांचा वाटा ०.७ टक्के होता आणि सामान इकडून तिकडे नेण्याचा ४५ टक्के. म्हणजे शर्यतींच्या क्रमाने जो फरक पडतो तो इंजिनाने पडत नाही. म्हणूनच २०२४ मध्ये जपानची शर्यत शरद ऋतूतून काढून एप्रिलमध्ये, पूर्वेकडच्या बाकीच्या शर्यतींजवळ आणली. २४ शर्यतींच्या वर्षात शेजारच्या शर्यती एकापाठोपाठ ठेवणं ही प्राथमिक गरज आहे आणि ती अजूनही पुरती पाळली जात नाही.

मग कुठली सर्किट ठेवावीत? माझी कसोटी एकच आहे. त्या सर्किटने हवा, टायर, इंजिन किंवा माणसाचं शरीर यांच्यापुढे असा प्रश्न टाकावा, जो वर्षभरात दुसरं कुठलंच सर्किट टाकत नाही. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटरवर आहे, तिथे हवा पाचव्या हिश्श्याहून जास्त विरळ. संघ मोठ्यात मोठे पंख लावतात आणि तरी गाडीला इटलीतल्या मोंझाच्या वेगवान सर्किटवरच्या पातळ पंखांएवढंच बल मिळतं, वर इंजिन आणि ब्रेक थंड ठेवायला हवा पुरत नाही. बेल्जियमचं स्पा सात किलोमीटर लांब आणि डोंगराळ, एका टोकाला पाऊस असताना दुसरं टोक कोरडं असू शकतं. सिंगापूरच्या दमट रात्री ड्रायव्हरच्या अंगातून दोन-तीन लिटर पाणी घामावाटे जातं. उष्णतेचा अधिकृत इशारा देण्याचा नियम आला तो २०२५ मध्ये, आणि पहिल्यांदा वापरला गेला तो तिथेच. मोनॅकोत आजच्या रुंद गाड्यांना ओव्हरटेक जवळजवळ अशक्य आहे, पण शनिवारची पात्रता फेरी भिंतीपासून बोटभर अंतरावर चालते, आणि तेवढ्यासाठी मी मोनॅको ठेवीन. मायामीत स्टेडियमभोवतीच्या पार्किंगमधून आखलेलं सर्किट मात्र या कसोटीला उतरत नाही. त्याचा कुठलाच प्रश्न त्याचा स्वतःचा नाही.

माझ्या यादीत पहिला क्रमांक जपानच्या सुझुकाचा. स्वतःवरून ओलांडून जाणारं, आठाच्या आकाराचं ते सर्किट १९६२ मध्ये होंडाने आपल्या गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलं. पीथमपूरसारखीच ती चाचणीची जागा होती. फक्त ती आखणाऱ्या जॉन हुगेनहोल्ट्झने तिला डावी-उजवी, चढती-उतरती वळणं दिली, आणि २५ वर्षांनी फॉर्म्युला वन तिथे आली ती जवळजवळ दरवर्षी येत राहिली.

माळव्यात कुणी तसं सर्किट आखलंच, तर त्याचा स्वतःचा प्रश्न काय असेल? उंचीचा नाही. साडेपाचशे मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा पाच टक्केच विरळ असते. प्रश्न असेल काळ्या मातीचा. या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांत हात जातो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शेताला चालतं, पण ३०० च्या वेगाला काही मिलिमीटरचा उंचवटाही गाडीला उसळवतो, आणि आताच्या गाड्यांचा तळ तर जमिनीला जवळजवळ टेकलेला असतो. टेक्ससच्या ऑस्टिनमधलं सर्किट अशाच फुगणाऱ्या मातीवर आहे. तिथल्या उंचवट्यांबद्दल २०२१ मध्ये मोटोजीपीच्या स्वारांनी जाहीर तक्रार केली आणि त्यानंतर बरंच डांबर उखडून नव्याने घालावं लागलं.

उपाय माहीत आहेत. काळी माती उपसून मुरूम भरायचा किंवा तिच्यात चुना मिसळायचा, कडेने खोल चर खणून पाणी दूर न्यायचं, आणि भरावाला निदान एक पावसाळा खाऊ द्यायचा. डांबराचीही घाई चालत नाही. २०२० मध्ये इस्तंबूलला शर्यतीच्या तोंडावर नवं डांबर घातलं, त्यातलं तेल वर आलं आणि जगातले उत्तम ड्रायव्हर बर्फावर घसरावे तसे घसरले. दख्खनचा काळा बेसॉल्ट मात्र आपल्याकडे पायाखालीच आहे, डांबरात मिसळायला त्याहून टणक खडी शोधावी लागणार नाही. आणि कॅलेंडरमध्ये जागा मागायची तर ती नोव्हेंबरअखेरची: पाऊस ओसरलेला, माती स्थिरावलेली, हवा कोरडी, आणि वर्षाच्या शेवटच्या शर्यतींसाठी कतार आणि अबुधाबीकडे निघालेलं सगळं सामान विमानाने तीन-चार तासांच्या अंतरावर.