कागदावरची रेष, रेझिनचा देह : कॉमिक-पुतळ्यांची पार्श्वभूमी

कॉमिकमधला सुपरहिरो पुतळ्यात उभा करायचा म्हटला की शिल्पकारापुढे पहिला प्रश्न असतो तो त्याच्या पाठीचा. चित्रकाराने ती काढलेलीच नसते. मुखपृष्ठावरची आकृती एका कोनातून, एका क्षणापुरती जुळवलेली असते. पुढे आलेली मूठ डोक्यापेक्षा मोठी, कंबर अशक्य वळलेली, खांद्यांवरून सोडलेली केप अंगाच्या तिप्पट लांब. समोरून हे सगळं पटतं, पण घनरूपात नुसतं मोजून उतरवलं तर बाजूने विद्रूप दिसतं. चित्रकाराची ही लबाडी सुधारायची की जपायची, हा प्रश्न असे पुतळे जमवण्याच्या छंदाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो. आजचे चांगले पुतळे ती जपणारे आहेत, पण तिथवर यायला अर्धशतक लागलं.

सुपरमॅन १९३८ साली छापून आला आणि १९४२मध्ये त्याचा सुमारे पाच इंचांचा पुतळा निघाला. तो बनवला सिरॅक्यूज ऑर्नामेंटल कंपनीने, म्हणजे संग्राहक जिला ‘सायरोको’ म्हणतात तिने. लाकडाचा बारीक भुसा चिकट द्रव्यात मिसळून साच्यात दाबायचा, ही तिची पद्धत. अशा मालात बारीक बोटं किंवा केपची पातळ कड टिकत नाही, त्यामुळे आकृती ठोकळेबाज राहते. कोणत्या चित्रकाराचा सुपरमॅन, हा विचार तेव्हा कुणी करत नव्हतं. पात्र ओळखू आलं की पुरे.

पुढची मोठी पायरी ऑरोरा कंपनीच्या प्लास्टिक किटांची. १९६३मध्ये सुपरमॅन आला, १९६४मध्ये बॅटमॅन. सुटे भाग घरी चिकटवायचे आणि रंगवायचे. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे बैठक. सुपरमॅन विटांची भिंत फोडून पुढे येतो. पुतळ्याखाली नुसती चकती न ठेवता कथेतला एक प्रसंगच उभा करायचा, ही कल्पना आजच्या प्रत्येक मोठ्या पुतळ्याने उचललेली आहे.

प्रौढ संग्राहकांसाठी रंगवून तयार, मर्यादित संख्येचा पुतळा निघायला मात्र विक्रीची पद्धत बदलावी लागली. १९७०च्या दशकात अमेरिकेत फिल स्यूलिंगने कॉमिक्स थेट खास दुकानांना पोहोचवायची व्यवस्था उभी केली. दुकानदाराला सवलत जास्त, पण न खपलेला माल परत घेतला जाणार नाही. म्हणून मागणी आधी नोंदवायची सवय लागली. याच सवयीवर पुतळ्यांचा धंदा उभा राहिला. किती नग ओतायचे हे आगाऊ नोंदणीवरून ठरवता येऊ लागलं. शिवाय या दुकानांत येणारा वाचक चित्रकारांना नावानिशी ओळखणारा होता. पुतळा नेमका कुणाच्या रेषेतला, हे विचारणारं गिऱ्हाईक इथे पहिल्यांदा एकत्र आलं.

त्याच सुमारास साचेही घरगुती झाले. १९८०च्या दशकात जपानमध्ये हौशी शिल्पकार सिलिकॉन रबराचे साचे करून रेझिनची किटं थोड्या संख्येत विकू लागले. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं सिलिकॉन आणि दोन द्रव मिसळले की कडक होणारं रेझिन एवढं हाताशी असलं की कारखान्याशिवाय पुतळा निघतो. केसांची बट, हातमोज्याची सुरकुती, हवेत पसरलेली केप, हे सगळं सायरोकोच्या मालाला अशक्य होतं ते आता शक्य झालं.

अमेरिकेत खास दुकानं आणि घरगुती साचे या दोन प्रवाहांना जोडणारं नाव रँडी बोवेन. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या या शिल्पकाराने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राफिटी डिझाइन्स या कंपनीसाठी सँडमॅन या कॉमिक-पात्राचा पुतळा घडवला. पुढे बोवेन डिझाइन्स या स्वतःच्या कंपनीतून त्याने स्पायडरमॅनवाल्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या पात्रांचे छोटे बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचे पुतळे, आणि पूर्ण पुतळे वर्षानुवर्षं काढले. मुख्य नायकांवर न थांबता तिसऱ्या फळीतले खलनायकही त्याने घेतले, आणि म्हणूनच अख्खा संघ शेल्फवर पूर्ण करायची ओढ संग्राहकांना लागली. बोवेनचं काम आजही मापदंड मानावं असं आहे, कारण त्याच्या आकृत्यांचं वजन खरंच पायांवर पडलेलं दिसतं.

सुपरमॅन-बॅटमॅनची प्रकाशनसंस्था डीसी. तिने १९९८मध्ये डीसी डायरेक्ट हा स्वतःचा विभाग सुरू केला. त्यांची ‘बॅटमॅन : ब्लॅक अँड व्हाइट’ ही मालिका या सगळ्या इतिहासातली सगळ्यात धाडसी गोष्ट. पात्र एकच, पण प्रत्येक पुतळा वेगळ्या चित्रकाराच्या शैलीत आणि फक्त काळ्या, पांढऱ्या, करड्या रंगात. माइक मिग्नोलाचा बॅटमॅन कोनदार आणि सावलीत बुडालेला, केली जोन्सचा शिंगांसारख्या लांब कानांचा, फ्रँक मिलरचा जाडजूड. पात्र तेच राहून चित्रकार बदलतो तेव्हा पुतळा रेषेचा असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

रंग काढून टाकल्याने आणखी एक जुना पेच सुटला. जुन्या चार रंगी छपाईत काळ्या भागावरची चमक निळ्याने दाखवत. त्यामुळे सुपरमॅनचे केस, बॅटमॅनची केप, स्पायडरमॅनच्या पोशाखाचा गडद भाग मुळात काळा की निळा, याला पक्कं उत्तर नाही. रंगीत पुतळ्यात कंपनीला एक बाजू घ्यावीच लागते. सपाट निळा दिला तर आकृती खेळण्यासारखी दिसते, म्हणून अनुभवी रंगारी गडद निळ्यावर काळ्याची पातळ झाक खोलगट भागात सोडतात.

घडवण्याची जुनी पद्धत माहीत असली की दोषही ओळखता येतात. आधी चित्रकाराकडून समोरून, बाजूने आणि मागून अशी रेखाटनं घेतात. ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, त्यावर फॉइलचा गाभा आणि वर सुपर स्कल्पीसारखी पॉलिमर माती. ती १३० अंश सेल्सिअसला, दर सहा मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं भाजतात. मग मूळ शिल्प पट्टा, हातमोजा किंवा बुटाच्या कडेवर कापतात, म्हणजे सांधा पोशाखाच्या रेषेत लपतो. सुटे भाग एकमेकांत बसवणाऱ्या खुंट्या चौकोनी ठेवतात, गोल ठेवल्या तर हात फिरतो. सिलिकॉनच्या एका साच्यातून काही डझन नग निघाले की तो झिजतो. मग बारकावे बोथट होतात, साच्याच्या कडेची शिवण जाड होते. हजार नगांची आवृत्ती म्हणजे बरेच साचे, आणि ते वेळेवर बदलले नाहीत तर एकाच आवृत्तीतल्या दोन चेहऱ्यांत फरक दिसतो.

सुरुवातीच्या पुतळ्यांचं साहित्य कोल्ड-कास्ट पोर्सिलेन, म्हणजे रेझिनमध्ये पोर्सिलेनची पूड. नंतर दगडाची पूड मिसळलेलं पॉलीस्टोन रुळलं. दोन्ही थंड, जड आणि ठिसूळ. धक्का बसला की आधी बोटं, कानांची टोकं आणि केपची कड तुटते. एका पायावर झेपावणाऱ्या आकृतीच्या घोट्यात धातूची सळई हवीच. तुटलेला भाग जोडताना सुपर ग्लू टाळावा, कारण त्याची वाफ गडद रंगावर पांढरट धुरकट डाग सोडते. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी हे चिकटद्रव्य घ्यावं आणि भार पेलणाऱ्या जागी एक-दोन मिलिमीटरची पितळी पिन बसवावी.

पीव्हीसी या लवचिक प्लास्टिकचं दुखणं वेगळं. कोटोबुकियासारख्या जपानी कंपन्यांनी ते साहित्य सुपरहिरोंसाठी सर्रास वापरलं. साचा धातूचा आणि महाग, पण नग हजारोंनी निघतात, म्हणून किंमत कमी पडते. ते सहसा तुटत नाही, वाकतं. उष्ण खोलीत घोटा हळूहळू झुकतो. भाग गरम पाण्यात मऊ करून सरळ धरायचा आणि थंड पाण्यात बुडवायचा. पण भार तोच राहिला तर तो पुन्हा झुकतो, आतून आधार द्यावाच लागतो. बंद खोक्यात बरीच वर्षं राहिलेलं पीव्हीसी कधी चिकट होतं, कारण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर येतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. ॲसिटोन लावलं तर रंगच जातो.

२०००मध्ये एक्स-मेन आणि २००२मध्ये स्पायडरमॅन पडद्यावर आले आणि बाजाराचे दोन भाग झाले. एकीकडे नटाच्या चेहऱ्याशी तंतोतंत जुळणाऱ्या आकृत्या, दुसरीकडे कॉमिकशी इमान राखणाऱ्या. साइडशो या अमेरिकी कंपनीने एक-चतुर्थांश मापाचे पुतळे लोकप्रिय केले, त्यांत काहींना खरं कापडही असतं. नंतर सिंगापूरच्या एक्सएम स्टुडिओजने त्याच मापाला भव्य बैठका आणि बदलता येणारी डोकी दिली. सहा फुटी नायक या मापात सुमारे ४५ सेंटीमीटरचा होतो, पण बैठक आणि केपसह खोकं एकट्याने उचलवत नाही. काचेच्या शेल्फवर असा पुतळा ठेवू नये. दुसऱ्या टोकाला ईगलमॉस या प्रकाशकाची मार्व्हल मालिका होती. २००५पासून अंकासोबत शिशाच्या मिश्रधातूची छोटी आकृती देत ती २०० अंकांपर्यंत गेली.

आता माती बहुतेक मागे पडली. झेडब्रश या संगणक-प्रणालीत शिल्प करून त्रिमितीय छपाई करतात. डावी बाजू घडवली की उजवी आपोआप उमटवता येते आणि इथेच घात होतो. कॉमिकमधला चेहरा क्वचितच सममित असतो. भुवई, जबडा, मुखवट्याचे डोळे जाणूनबुजून मोडले नाहीत तर शैलीच मरते. नमुना छायाचित्रात हे समोरून दिसत नाही, म्हणून तीन-चतुर्थांश कोनाचं, म्हणजे जरा बाजूने घेतलेलं चित्र पाहिल्याशिवाय नोंदणी करू नये.

जुन्या आवृत्त्या दुसऱ्या हाती घेताना बैठकीखालचा आणि खोक्यावरचा क्रमांक जुळतो का ते बघावं. कलाकार-प्रतींवर, म्हणजे कलाकारासाठी वेगळ्या काढलेल्या नगांवर, वेगळी खूण असते आणि त्या मूळ संख्येत धरत नाहीत. नक्कल बहुतेक वेळा खऱ्या पुतळ्यावरूनच साचा घेऊन ओतलेली असते. साचा आणि रेझिन दोन्ही किंचित आकसत असल्याने ती मूळ मापापेक्षा थोडी लहान भरते. टाचेपासून डोक्यापर्यंतची उंची मोजून खऱ्या नगाशी ताडली, नखं आणि कोळ्याच्या जाळ्याच्या रेषा भिंगाखाली पाहिल्या, की फरक कळतो.