पॉवर रिले की कोअ‍ॅक्स रिले? आधी वॉट बाजूला ठेवा

टॉवरवरच्या अनेक अँटेनांतून हवी ती निवडायला पायथ्याशी एक डबा, त्यात पाच-सहा रिले (कॉइलच्या चुंबकाने कॉन्टॅक्ट जोडणारे-सोडणारे स्विच), आणि शॅकपर्यंत, म्हणजे रेडिओच्या खोलीपर्यंत, एकच फीडलाइन (अँटेनाची केबल). हा बेत आखला की प्रत्येक हॅमच्या (हौशी रेडिओवाल्याच्या) तोंडी तोच प्रश्न येतो: "साधा १६ अँपिअरचा रिले किती वॉट झेपवेल? की कोअ‍ॅक्स रिलेच घ्यावा?" मग कुणीतरी खिशाला परवडत नसताना कोअ‍ॅक्स रिले घेतो. दुसरा कुणी साधे रिले लावतो आणि शेजारच्या रेडिओचा रिसीव्हर बहिरा का होतो म्हणून डोकं धरून बसतो. दोघांनीही वॉट मोजलेले असतात, पण या दोन रिलेंमधला खरा फरक वॉटचा नाहीच.

पॉवर रिले तुम्हाला पाठ आहे. पीसीबीवर बसणारा, स्टॅबिलायझरमध्ये टकटक करतो तोच. कोअ‍ॅक्स रिले म्हणजे धातूच्या ठोकळ्यातली पोकळी, तिच्यामधून जाणारी पट्टी आणि बाहेर एन किंवा तसेच कनेक्टर. आतली मापं अशी राखलेली असतात की ५० ओहमची लाइन रिलेच्या आतही ५० ओहमचीच राहावी.

वॉटचं एकदाचं मिटवून टाकू. ५० ओहमवर १०० वॉट म्हणजे १.४ अँपिअर आणि ७१ व्होल्ट. १५०० वॉट म्हणजे साधारण ५.५ अँपिअर आणि २७४ व्होल्ट. एसडब्ल्यूआर (लाइन आणि अँटेना किती जुळतात याचं माप, १ म्हणजे अचूक) ३ असेल तर सर्वात वाईट जागी करंट ९.५ अँपिअरपर्यंत आणि व्होल्टेज ४७४ पर्यंत जातं, शिखर ६७० च्या आसपास. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) चांगला १६ अँपिअरचा रिले एवढं निभावून नेतो. ट्यूनर (अँटेना जुळवून घेणारा डबा) रिलेच्या अलीकडे, रेडिओच्या बाजूला असेल किंवा एंड-फेड, म्हणजे एका टोकालाच जोडलेली, तार थेट रिलेवर येत असेल, तर मात्र हा हिशेब विसरा, तिथे व्होल्टेज कुठच्या कुठे जातं.

रिलेच्या पाठीवर छापलेलं "१६ अँपिअर, २५० व्होल्ट" हे सर्किट *तोडण्याबद्दल* आहे, तेही घरगुती एसीचं. तिथे करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायला उसंत मिळते. आरएफमध्येही करंट शून्यावर येतो, पण इतक्या भराभर की तापलेली हवा थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून ठिणगी पेटलेलीच राहते. अँटेना स्विचमधल्या रिलेने कधी सर्किट तोडायचंच नसतं. ट्रान्समिट चालू असताना रिले हलणार नाही अशी सोय करा आणि मग तो छापील आकडा फार मनावर घेऊ नका. दुसरा लाडका आकडा म्हणजे डेटाशीटमधले "५००० व्होल्ट". ते कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यामधले असतात. उघड्या कॉन्टॅक्टमधली फट बहुतेक पॉवर रिलेंत १००० व्होल्टचीच असते, आणि आपल्याशी संबंध असतो तो त्या फटीचा. पहिला आकडा दाखवून फुशारकी मारणाऱ्याने खालची ओळ वाचलेली नसते.

आता मुद्द्याचं. रिलेचे कॉन्टॅक्ट *जुळलेले* असताना तो किती करंट नेतो यावर सगळे भांडतात. ते *उघडे* असताना किती गळतं, हे कुणी विचारत नाही. या गळतीच्या अडवणुकीलाच आयसोलेशन म्हणतात, आणि पॉवर रिले व कोअ‍ॅक्स रिले वेगळे पडतात ते इथेच.

पॉवर रिलेचे उघडे कॉन्टॅक्ट म्हणजे एक छोटा कपॅसिटर. तो १ पिकोफॅरड धरा. ३.५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ४५,००० ओहमच्या वर असतो. ५० ओहमच्या लाइनमध्ये हे ५३ डीबी (डेसिबल, दर १० डीबीला पॉवर दहाव्या भागावर येते) आयसोलेशन झालं, म्हणजे उत्तम. ३० मेगाहर्ट्झला तोच अडथळा ५,३०० ओहमवर येतो आणि आयसोलेशन ३४ डीबीवर. १४४ मेगाहर्ट्झला ११०० ओहम, जेमतेम २१ डीबी.

३४ डीबी ऐकायला बरं वाटतं. पण १०० वॉट ट्रान्समिट करताना त्यातून साधारण ३५ मिलिवॉट पलीकडे जातात. त्या पलीकडच्या पोर्टवर दुसरा रेडिओ ऐकत बसला असेल, तर त्याच्यासाठी हा सिग्नल एस-९ (रिसीव्हरच्या मीटरवर दणदणीत समजला जाणारा सिग्नल) च्या वर ८८ डीबी आहे. १५०० वॉटला तर अर्धा वॉट त्याच्या पुढच्या टोकात घुसतो. बँड वेगळा असला तरी रिसीव्हर दबणार, आणि इनपुटचे डायोड वाचले तर नशीब.

कोअ‍ॅक्स रिलेत चांगल्या मॉडेलला व्हीएचएफवरही (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) ६० डीबीच्या आसपास मिळतात. यात जादू काही नाही. पट्टी चहूबाजूंनी धातूने वेढलेली असते, आणि काही मॉडेलांत न वापरलेलं पोर्ट थेट बॉडीला टेकतं.

ही दुसरी युक्ती साध्या पॉवर रिलेत फुकट मिळते, आणि ती न वापरणारे पाहिले की माझा जीव तुटतो. बहुतेक जण रिलेच्या कॉमनला (मधल्या हलत्या कॉन्टॅक्टला) रेडिओ जोडतात, एनसीला (रिले सुटलेला असताना जुळणाऱ्या कॉन्टॅक्टला) एक अँटेना आणि एनओला (रिले ओढल्यावर जुळणाऱ्या कॉन्टॅक्टला) दुसरी. दोन अँटेना एका रिलेत भागल्याचा आनंद होतो, पण निवड न झालेली अँटेना १ पिकोफॅरडच्या पलीकडे लोंबकळत राहते. त्यापेक्षा प्रत्येक अँटेनाला स्वतःचा रिले द्या. अँटेना कॉमनला, एनओ रेडिओकडे जाणाऱ्या बसला (सगळ्या रिलेंच्या सामाईक पट्टीला) आणि एनसी ग्राउंडला. निवड नसलेली अँटेना आपोआप जमिनीला टेकते. गळून आलेल्या करंटला आता ५० ओहमऐवजी एनसीचा आखूड रस्ता मिळतो. त्या रस्त्याचं इंडक्टन्स २० नॅनोहेन्री धरलं तर ३० मेगाहर्ट्झला ते ४ ओहमहून कमी भरतं, म्हणजे आणखी २२ डीबी पदरात पडले. ३४ चे ५६ झाले, एक पैसा जास्त न घालता. शिवाय अँटेनावर साचणारा स्टॅटिक चार्जही वाहून जातो. याला कुणी वीजरोधक समजू नये, ते काम वेगळं. आणि सगळे रिले सुटलेले असताना रेडिओला लोडच राहत नाही, त्यामुळे तेव्हा पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारं बटण) अडवलेलं हवं.

एकच रेडिओ, एका वेळी एकच अँटेना असेल तर एवढा आटापिटा लागत नाही, ३४ डीबी पुरतात. आणि एकाच टॉवरवरच्या दोन अँटेना आपापसात २०-३० डीबीनेच जोडलेल्या असतील, तर रिलेत ७० डीबी शोधणं हौस म्हणून ठीक. तिथे बँडपास फिल्टर (फक्त आपला बँड जाऊ देणारा) लावा.

लाइनचा ५० ओहमपणा बिघडण्याचं भय मात्र एचएफवर फुगवलेलं आहे. रिले आणि त्याचे पाय मिळून २५ नॅनोहेन्री धरले तर ३० मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.१ होतो, ५० ला १.२ च्या आत राहतो. १४४ ला मात्र तो १.६ च्या घरात जातो. म्हणून माझा कौल साधा आहे: ५० मेगाहर्ट्झपर्यंत पॉवर रिले, आखूड पाय आणि ग्राउंड केलेली एनसी. त्याच्या वर मुकाट्याने कोअ‍ॅक्स रिले घ्या. फक्त ऐकण्याच्या अँटेनांना, बेव्हरेज (जमिनीलगतची लांब तार) वगैरे, पॉवर रिले अजिबात लावू नका. चांदीच्या कॉन्टॅक्टवर पापुद्रा धरतो, आणि तो फोडायला मायक्रोव्होल्टचा सिग्नल पुरा पडत नाही. तिथे सोन्याच्या मुलाम्याचे छोटे सिग्नल रिलेच हवेत.

बाहेरच्या डब्याबद्दल दोन गोष्टी. "सीलबंद रिले" म्हणजे पावसात चालणारा रिले नव्हे. ते सील सोल्डरिंगनंतरच्या धुलाईसाठी असतं. कोअ‍ॅक्स रिलेची धातूची बॉडी पाहूनही लोक फसतात, तोही उघड्यावर ठेवायचा नसतो. डब्याला सगळीकडून सिलिकॉन फासणाऱ्यांना हात जोडले. दिवसा तापलेली हवा रात्री आकसते, कुठूनतरी दमटपणा आत ओढते आणि मग पाणी आतच साठतं. कनेक्टर खालच्या बाजूला घ्या आणि तळाला एक बारीक भोक ठेवा, मुंगी शिरणार नाही अशा जाळीसकट.

दुसरी गोष्ट कॉइलची. उन्हात डबा ६५ अंशांवर गेला की तांब्याचा रेझिस्टन्स २० अंशांच्या तुलनेत १७-१८ टक्क्यांनी वाढतो. ९ व्होल्टला ओढणारा (कॉन्टॅक्ट खेचून घेणारा) १२ व्होल्टचा रिले तेव्हा साडेदहा व्होल्ट मागतो. १३.८ च्या सप्लायवर तो ओढेल, फक्त लांब बारीक वायरीत व्होल्ट घालवू नका. जुन्या बाजारातले कोअ‍ॅक्स रिले बहुधा २८ व्होल्टचे असतात. ते १३.८ वर "टेबलावर ओढले" म्हणून टॉवरवर चढवणाऱ्याने भर उन्हात पुन्हा टॉवर चढायची तयारी ठेवावी.